खोडलेली ओळ

४ ऑक्टोबर
अणुवीज केंद्राच्या माहिती कक्षात आज रुजू झालो. काम झकास आहे. केंद्रात काही बिघडलं की शून्य ते सातपैकी पायरी ठरवायची आणि साध्या भाषेत सूचना लिहून वसाहतीच्या फाटकावर लावायची. शून्य म्हणजे किरकोळ, सात म्हणजे हाहाकार. साहेब हसत म्हणाले, आपण शून्याच्या वर कधी चढलेलो नाही. घर ऐसपैस आहे. आमची सहा वर्षांची ठकी आल्याआल्या अंगण पालथं घालायला पळाली. बायकोच्या मते ही पोर आठवड्यात घराचं भंगाराचं दुकान करणार.

७ ऑक्टोबर
पहिली घटना. पाइपांचे सांधे तपासायच्या यंत्रातला किरणोत्सारी तुकडा सापडत नाहीये. बोटाएवढा, चकचकीत, मागे तारेची शेपटी. माझ्या हिशेबानं पायरी दोन. साहेब म्हणाले, मोजण्यात चूक झाली असेल, शून्य टाका. टाकलं. सूचनेत मी तुकड्याचं वर्णन केलं होतं, दिसला तर हात लावू नका असंही लिहिलं होतं. शून्याच्या खाली ते शोभेना, म्हणून ती ओळ मीच खोडली. उरलं इतकंच : किरकोळ नोंद, काळजीचं कारण नाही. साहेबांनी पाठ थोपटली आणि मी चक्क फुगलो. आता लाज वाटते आहे.

८ ऑक्टोबर
बायकोनं ठकीला शाळेतून आणताना फाटकावरची सूचना वाचली. तुम्ही लिहिलीत का, म्हणून विचारलं. साहेबांनी, असं ठोकून दिलं आणि मान खाली घालून जेवलो. ठकीनं म्हणे उंदीर पाळलाय. खात नाही, चावत नाही. आम्ही हसलो.

१२ ऑक्टोबर
ठकीला दोनदा उलटी झाली. उजवा तळवा लालभडक, भाजल्यासारखा. बायको शपथेवर सांगते, पोर गॅसजवळ फिरकलीसुद्धा नाही. तुकडा अजून सापडला नाही. छे, भलतंच काय मनात येतं—

१३ ऑक्टोबर
तळव्यावर फोड. कशाला हात लावलास, विचारलं. म्हणाली, उंदराला. उशीखाली असतो.
बोटाएवढा. चकचकीत. शेपटी—
तिला उचलून बाहेर पळालो.

१४ ऑक्टोबर
इस्पितळ. डॉक्टर बोटांबद्दल बोलायचं टाळतात.
बायको रडत सांगत होती— फाटकापाशीच सापडला, ठकीनं तिला दाखवलाही. समोर सूचना होती. काळजीचं कारण नाही. म्हणून ती म्हणाली, ठेव.
माझी मेल्याहून मेल्यासारखी गत—

त्याच दिवशी
बायको साहेबांना जाब विचारायला निघाली आहे. चपला घालते आहे. तिला थांबवून सांगायला हवं, साहेबांनी नाही, ती ओळ मी—