खोटा श्वास

बुधवार, दिवेलागणी. वडनेर भोलजी.

लई दिवस झाले, लिहायचं टाळूनच राह्यलो. काऊन, ते मलेही माहीत नाही.

आत्याच्या पिंकीच्या आवाजाले शाळेत पोरींनी 'भोंगा' म्हटलं, तेव्हापासून तिनं गाणंच सोडलं. मले म्हणे, "दादा, ज्यात माणूस गातच नाही असे गाणे सांग." म्हणून व्होकॅलॉइडची पाठवली, जपानी, कॉम्प्युटरच्या गळ्यातली. आधी उड्या मारणारी. मग ते संथ गाणं, ज्यात बनवणाऱ्यानं ओळीआधी मुद्दाम खोटा श्वास भरलाय. मशीनले श्वास कायले लागते? पण दरवेळी मी तिथंच हरवून जातो. आता कपाशीवरून वारा येऊन राह्यला, तोही तसाच, ओळीआधीचा.

तिचं उत्तर नाही. चुकीचं गाणं दिलं का? ती अजूनच मुकी झाली तर?

थांब, फाटक वाजलं. आत्या! रोहिणखेडहून, न सांगता!

"काय बे, तुहं ते जपानी गाणं गाऊ गाऊ पोरीनं घर डोक्यावर घेतलं!"

अन् चप्पल काढता काढता स्वतःच तीच चाल गुणगुणून राह्यली. ओळीआधी श्वास घेऊन.