अण्णा गाडीचा चार्ज घेत नाहीत

सांगली, बुधवार
(गाडीच्या वर्कशॉपमधली गिऱ्हाइकांनी बसायची खोली)

तीर्थस्वरूप सयाजीमामांच्या चरणी,
धाकट्या भाच्याचा, म्हणजे ऋषिराजचा, वाकून नमस्कार.

आपली आणि मामींची प्रकृती ठणठणीत असावी, आपल्या गुडघ्याला जिन्याचा त्रास होत नसावा आणि द्राक्षबागेवर यंदा करपा पडला नसावा, अशी आशा करतो. हे सगळं फोनवर विचारलं असतं, पण आमच्या घरचा नंबर दिसला की आपण फोन उचलत नाही, हे आईला आणि मला ठाऊक आहे. त्याबद्दल आमची काही तक्रार नाही. कागदावर लिहिलेलं मात्र आपण पुरतं वाचल्याशिवाय खाली ठेवत नाही (मामी सांगत होत्या की औषधाच्या बाटलीसोबत येणारा कागदही आपण दोन्ही बाजूंनी वाचता), म्हणून हे पत्र. माझी बारावी राहिली ती राहिलीच, तेव्हा लिहिण्यात कुठे मागेपुढे झालं तर सांभाळून घ्यावं.

घरी सर्व क्षेम आहे, असं पत्रात लिहितात. घरी सर्व क्षेम आहे, फक्त अण्णा घरी नाहीत. ते इथे सांगलीत गाडीच्या वर्कशॉपमध्ये बसून आहेत, आणि गाडीचं काम होऊनसुद्धा गाडी घेऊन घरी यायला तयार नाहीत. येत्या रविवारी आपल्या श्रद्धाचा साखरपुडा आहे. वडूजची माणसं सकाळीच यायची आहेत. मुलीचा बाप म्हणून पाटावर कोण बसणार, असं आईने मला विचारलं. मी बसलो तर चालेल का, असं मी म्हणालो, तेव्हा तिने लाटणं खाली ठेवलं आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. त्याच दिवशी मी कोरेगावहून एसटीने निघालो.

गाडी घेतली त्या दिवशी आपण आमच्याकडे होता, त्यामुळे त्या दिवशीचं मी पुन्हा लिहीत नाही. (थोडं लिहावं लागेल, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघालं आहे.) आपण एवढंच म्हणाला होता की, "हंबीरराव, नव्या गाडीची पहिली खेप घेऊ नये. दोन वर्षं दुसऱ्यांना चालवू द्यावी." यात वाईट काही नव्हतं. अण्णा त्यावर जे म्हणाले, की सुभेदारसाहेब, तुम्ही इन्फन्ट्रीतले, पायी चालणारे, गाड्यांतलं तुम्हाला काय कळतंय, मी फौजेत जन्मभर तीन टनी गाडी चालवली आहे, यातही मला वाटतं वाईट काही नव्हतं, पण ते सगळ्या भावकीसमोर म्हणायला नको होतं. आपण पेढा तसाच बशीत ठेवून निघून गेलात. तो पेढा बरेच दिवस कुणी उचलला नाही. मला दोघांचंही बरोबर वाटतं, आणि हीच माझी अडचण आहे.

तर गाडी. तिचं नाव रानवीर. कंपनीचं नाव मी लिहीत नाही, कारण अण्णांनी ते आमच्या घरात उच्चारायला बंदी केली आहे. पहिल्यांदा आम्ही ती डोंगरावरच्या आमच्या रानात नेली. चढताना शेळीसारखी चढली. अण्णांनी चारही चाकांना ताकद देणारा छोटा गिअर टाकला होता, तो खाली आल्यावर निघेना. डांबरी सडकेवर वळताना चाकं अशी ओरडायला लागली की म्हशी बुजल्या. शिवाय लख्ख उन्हात वायपर सुरू झाला तो थांबेना. तशीच गाडी घेऊन आम्ही वडूजला पाहुण्यांकडे गेलो. खटाव तालुक्यात भर दुपारी वायपर चालू ठेवून गाडी आलेली पाहून लोक घराबाहेर येऊन आधी आभाळाकडे बघत होते, मग आमच्याकडे.

साताऱ्याच्या शोरूमने गाडी ठेवून घेतली, सॉफ्टवेअर घातलं आणि परत दिली. वायपर थांबला, पण गिअर तसाच. पुन्हा नेली. या वेळी गिअर सुटला आणि ब्रेक दाबला की डावी काच खाली जायला लागली. काच दुरुस्त झाली, तेव्हा गिअर पुन्हा अडकला. मी हे सगळं तिथल्या साहेबांना सविस्तर समजावून सांगितलं. त्यांनी विचारलं, गाडी कच्च्या रस्त्याने नेली होती का? तसं असेल तर वॉरंटीत बसेल की नाही ते बघावं लागेल. मामा, त्यांच्या डोक्यामागे भिंतीवर मोठा फोटो आहे. त्यात हीच गाडी नदीतून चालली आहे आणि पाणी टपापर्यंत उडालं आहे. अण्णा म्हणाले, "कच्च्या रस्त्यावर न्यायची न्हाई तर काय ओसरीवर फिरवू व्हय?" मी फोटोकडे पाहत राहिलो. मला वाटलं, फोटोतल्या माणसाच्या वॉरंटीचं पुढे काय झालं असेल?

शेवटी साताऱ्याने सांगितलं की या भागाचं मशीन फक्त सांगलीच्या वर्कशॉपला आहे, गाडी टेम्पोवर घालून तिकडे पाठवतो, तुम्ही घरी जा. इथे अण्णा अडले. गाडीचा चार्ज, म्हणजे ताबा, आपल्याकडे असताना ती दुसऱ्याच्या हवाली कशी करायची? फौजेत एका ड्रायव्हरकडून दुसऱ्याकडे गाडी जाते, तेव्हा जॅकपासून चिंधीपर्यंत प्रत्येक वस्तू मोजून, सही होऊनच जाते, हे आपण जाणताच. टेम्पोवाल्याने सही करायला नकार दिला. म्हणून अण्णा टेम्पोवर चढले, गाडीत बसले, पट्टा लावला आणि स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून साताऱ्याहून सांगलीपर्यंत टेम्पोवरच्या गाडीत ताठ बसून गेले. मी खाली टेम्पोवाल्याशेजारी होतो. कराडच्या पुलावर एका ओळखीच्या माणसाने त्यांना हात केला, तेव्हा त्यांनी हॉर्नही वाजवला. (तो मात्र वाजला.)

इथल्या काउंटरवर अंकिता म्हणून एक मुलगी आहे. स्वभावाने चांगली आहे. तिने सांगितलं, काका, वॉरंटीत बसतंय, पण पार्ट मागवावा लागंल, आला की फोन करते. अण्णा म्हणाले, "पार्ट येईपर्यंत मी हितंच हाय." तिला वाटलं, चहा होईपर्यंत. मी घरी परतलो, पण तेव्हापासून ते रात्री माजी सैनिकांच्या विश्रामगृहात झोपतात आणि सकाळी वर्कशॉप उघडायच्या आधी दारात उभे असतात. पलूस इतकं जवळ असताना आपल्याकडे का राहिले नाहीत, हे मी लिहायची गरज नाही.

पुढे जे झालं ते मला नीट कळलेलं नाही, पण जसं ऐकलं-पाहिलं तसं लिहितो. रिकामं बसवेना म्हणून अण्णांनी एका मेकॅनिकला विचारलं, सकाळी गाड्यांची फर्स्ट परेड कोण घेतं? तो प्रांजल, आपल्या पलूसचाच मुलगा. त्याला काहीच कळलं नाही. तेव्हा अण्णांनी त्याला शिकवलं: गाडीला हात लावण्याआधी तेल, पाणी, हवा, पट्टा, गाडीखालची जमीन, सगळं बघायचं. दुसऱ्या दिवशी दोघं आले, नंतर सगळेच. आता ही मुलं सकाळी ओळीत उभी राहतात आणि अण्णांना उस्ताद म्हणतात. हत्यारं जागेवर लागतात. गिऱ्हाईक चिडून आलं की अंकिता त्याला अण्णांशेजारी बसवते. अण्णांची कथा ऐकली की त्याला आपलं दुःख किरकोळ वाटतं आणि तो निमूट सही करून जातो. मॅनेजरने पहिल्यांदा अण्णांना बाहेर काढायला वॉचमन बोलावला होता, पण तो वॉचमन निघाला माजी नाईक. त्याने आत येऊन अण्णांना सॅल्यूट ठोकला आणि परत दारावर गेला.

पार्ट आला, बसला, गाडी झाली. तरी अण्णा चार्ज घेत नाहीत. आधी जॅकचा दांडा नव्हता. तो मिळाला. मग स्टेपनीच्या व्हॉल्व्हची टोपी नव्हती. तीही प्रांजलने स्वतःच्या मोटारसायकलची काढून दिली. आता म्हणतात, आवाज येतो. मी स्वतः प्रांजलबरोबर कृष्णाकाठच्या उतारावरून गाडी खालीवर करून पाहिली. गिअर पडतो, निघतो, काच जागेवर, वायपर गप्प. स्कॅनर म्हणतो दोष नाही. प्रांजल म्हणतो की त्याला आधी आवाज येत नव्हता, पण उस्तादांनी सांगितल्यापासून येतो. मला एका कानाने आल्यासारखा वाटला, मग मी डोकं वळवलं तर दुसऱ्या कानाने नाही आला. अशा वेळी माणसाने कोणत्या कानावर विश्वास ठेवावा?

काल दुपारी मी अण्णांना म्हणालो, आवं अण्णा, रविवारी पाहुणे यायचेत, आई काळजीत आहे, चला की. ते हळू आवाजात म्हणाले, "वडूजवाल्यांना म्या शब्द दिलाय, डोंगरावरच्या देवाला आपल्या गाडीतनं नेतो म्हणून. चढावर व्याही आत आन् गाडी अडली, तर पोरीला जलमभर ऐकावं लागंल. हितं अडली तर ती ह्यांची हाय. घरी अडली तर ती माझी." एवढं बोलून ते उठले आणि एका मुलाला पाना जागेवर ठेवला नाही म्हणून लय मोठ्यांदा ओरडले. मामा, आमच्या अण्णांना भीती वाटू शकते हे मला ठाऊक नव्हतं. मी गार पाण्याच्या मशीनचं पेलाभर पाणी त्यांना नेऊन दिलं.

तरी आपण वडीलधारे आहात, फौजेतली माणसं आपण आयुष्यभर सांभाळली आहेत, तेव्हा या बाबतीत काय करावं याचा फक्त सल्ला द्यावा, इतकीच विनंती. दुसरं काही मागण्यासाठी हे पत्र लिहिलेलं नाही. मामींना नमस्कार सांगावा.

आपला आज्ञाधारक भाचा,
ऋषिराज

ता. क. वर फक्त सल्ला मागितला आहे, पण खरं असं की सल्ल्याने काम होणार नाही. मी फार मागे लागलो, तेव्हा अण्णा म्हणाले, वरून हुकूम आल्याशिवाय मी पोस्ट सोडत न्हाई. मॅनेजरचा हुकूम ते मानत नाहीत, आईचा इथपर्यंत पोहोचत नाही. आपण सुभेदार, ते हवालदार. तेव्हा आपण उद्या कोट चढवून, मेडल लावून इथे यावं आणि त्यांना रविवारच्या आत कूच करायचा हुकूम द्यावा. पहिल्या खेपेबद्दलचं ते वाक्य तेवढं बोलू नये. मनात म्हणालात तर हरकत नाही.

ता. क. (दुसरं) वरचं रद्द समजावं. आत्ता मान वर केली तर काचेपलीकडे रानवीरची जागा रिकामी! मी धावत काउंटरवर गेलो. अंकिता म्हणाली, "काका मगाशीच सही करून गेले की. पलूसचा रस्ता बरा हाय का इचारत होते." मी म्हणालो, आणि आवाज? ती म्हणाली, "तेच इचारलं म्या. म्हणाले, आवाज हायच. पण पोरीच्या मामाला बोलवायला बापानं सोता जावं लागतंय, आन् सुभेदाराच्या दारात दुसऱ्याची गाडी मागून जाणं मला जमायचं न्हाई." मुलीच्या मामाचं बोलावणं मी किंवा आईने केलं तर चालेल, असं मी याआधी दोनदा सुचवलं होतं. दोन्ही वेळा त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं होतं.

हे पत्र प्रांजलबरोबर पाठवत आहे. तो मोटारसायकलवर आहे आणि अण्णा काफिल्याच्या वेगाने चालवतात, तेव्हा पत्र आधी पोहोचेल. वाचून झाल्यावर ते चुलीत घालावं. भीतीबद्दल मी लिहिलेलं आपल्याला माहीत आहे, असं त्यांना दिसू देऊ नये.

ता. क. (शेवटचं) आणि मामा, अण्णा उतरून घरात आले की आपण लगेच हात पुढे करून गाडीची किल्ली मागून घ्यावी आणि म्हणावं, "हंबीरराव, आज मुक्काम केल्याशिवाय मी तुम्हाला जाऊ देत नाही." म्हणजे गाडी अंगणात पुन्हा अडली असली, तरी ते कुणालाच कळणार नाही. सकाळी ते उठायच्या आत प्रांजल येऊन बघून जाईल.