क्वाबेनाच्या दुकानातली रीत

ट्रॉय, मिशिगन
७ एप्रिल २०२४

प्रिय रत्नास,
सप्रेम जयभीम. फोनवर नीट चिडता येत नाही, म्हणून लिहितो.

आपले चिरंजीव धम्मदीप इंजिनीअर झाले आणि दर शनिवारी न्हाव्याच्या दुकानात पडीक असतात. दुकान घाना देशाच्या क्वाबेनाचं. केसांना पंधरा मिनिटं, बसायचं दुपारभर. निम्म्यांच्या डोक्यावर तर कापायला केसच नाहीत. नुसते फुटबॉलवर तंडतात. मलाही चला म्हणतो. मी साफ नाही म्हटलं. आमच्या गावचा न्हावी पाटलाच्या म्हशी भादरायचा, पण माझ्या बापाच्या डोक्याला हात लावायचा नाही, दारातून हाकलायचा. तेव्हापासून त्या जागेची मला शिसारी आहे. सप्टेंबरात परतलो की तूच काप.

लोभ आहेच, तो राहू दे.
तुझा,
भानुदास


नागपूर
२४ एप्रिल २०२४

अहोंना सविनय जयभीम.

फोटो पाहिला. केस कॉलरीखाली उतरलेत आणि तुम्ही जगाला नावं ठेवताय. चाळीस वर्षं मी कापले, एकदाही दोन्ही बाजू सारख्या झाल्या नाहीत. आता माझी बोटं कात्री धरत नाहीत, हे ठाऊक असून हट्ट करता. गावच्या न्हाव्याचा राग त्या घानावाल्यावर कशाला? मुलगा जिथे रमतो ती जागा एकदा बघा तरी. इथे आलात तरी मी कापणार नाही, लिहून देते.

रागावलात तरी माया असू द्यावी.
आपली,
रत्ना


ट्रॉय
१२ मे २०२४

प्रिय रत्नास,
जयभीम. तुझ्यापायी काल गेलो. दुकान कसलं, मासळीबाजार. मी दारातच थांबलो आणि लांबूनच हात जोडले. सगळे वळून बघायला लागले. कोपऱ्यातला एक म्हातारा माझ्याकडे बोट दाखवून रागाने बोलला. मला कळायचं ते कळलं. मी मागे वळलो.

धम्मदीपने दंड धरला. म्हणाला, तक्रार वेगळीच आहे. इथे आत येणाऱ्याने उजवीकडून सुरुवात करून प्रत्येकाच्या हातात हात द्यायचा असतो. मी कुणालाच शिवलो नाही, हा त्यांना अपमान वाटला.

रत्ना, बहात्तर वर्षांत हा आरोप माझ्यावर पहिल्यांदाच झाला.

मी सगळ्यांना हात दिला. मग क्वाबेनाने माझं डोकं दोन्ही हातांत धरून उजेडाकडे वळवलं. तेव्हा माझे बाबा आठवले आणि मला रडू आलं.

बाकी दुकान भिकारच. चहा नाही, बडबड फार, फुटबॉलमधलं एकालाही कळत नाही. केस इतके बारीक कापलेत की महिनाभर तिथे माझं काहीच काम नाही. तरी शनिवारी जायला हवं. हात दिला नाही तर म्हातारा पुन्हा बोंबलेल.

लोभ वाढवायचा की नाही, तू ठरव.
तुझा,
भानुदास