पाच सूर खाली

मिलवॉकी
६ फेब्रुवारी १९९६

ती. दादास, सा. न. वि. वि.

फोनवर आपण भांडतो, म्हणून लिहिते. काल माझ्या नव्या रचनेची ऑर्केस्ट्राबरोबर पहिली तालीम झाली. वादकांचे सुटे कागद नेहमीप्रमाणे मी पाठवलेल्या मूळ प्रतीच्या झेरॉक्सवरून बाबांनीच उतरवले होते. हॉर्न हे पितळी वाद्य लिहिलेल्यापेक्षा पाच सूर खाली बोलतं, म्हणून त्याचे कागद पाच सूर वर चढवून लिहावे लागतात. बाबांनी चौतीस वर्षं शाळेच्या बँडमधल्या पोरांकडून हेच घोकून घेतलं. आणि दादा, शेवटच्या भागात ते चढवायलाच विसरले! चारही हॉर्न एकदम खाली घुमले. मी धावत पुढे गेले, तर कंडक्टरने हातानेच थांबवलं आणि म्हणाला की अख्ख्या रचनेत हीच जागा सोन्याची आहे. वादकांनी पाय आपटून दाद दिली. मीही वाकून ती दाद घेतली.

शनिवारी आमच्या कॉलेजची निवड समिती कार्यक्रमाला येणार आहे. नऊ वर्षं इथे हंगामी म्हणून शिकवतेय. या खेपेला कायम केलं नाही तर मे महिन्यात गाशा गुंडाळायचा. खरं सांगू की नको? आणि बाबांना झालंय तरी काय? दोन्हीकडून जीव थाऱ्यावर नाही.

लोभ आहेच, तो या वेळी जरा घाईने कर.

तुझी,
रग्ना


फर्गस फॉल्स
९ फेब्रुवारी

चि. रग्ना, अ. आ.

अगं वेडे, आंधळा मागतो एक डोळा अन् देव देतो दोन, तशी गत झालीय, आणि तू रडतेस? तोंडाला कुलूप लाव. लोकांना आवडलं ना, मग ते तुझंच.

बाबांचं म्हणशील तर, साठीत क्लॅरिनेट शिकायला निघालेल्या शेजारच्या हेडाबाईंना त्यांनी परवा एकच धडा तीनदा शिकवला. बाई भल्या, तिन्ही वेळा वाजवून गेल्या. मी काही बोललो की अंगावर येतात. तुझे कागद उतरवणं, एवढंच काम आता त्यांना आपलं वाटतं. चूक कळली तर पुन्हा पेन धरणार नाहीत, लिहून ठेव. १८ तारखेला तुझा कार्यक्रम रेडिओवर लागणार, हे त्यांचं पाद्र्यापासून सगळ्या चर्चला सांगून झालंय. त्या दुपारी मी त्यांना गोठलेल्या तळ्यावर बर्फाला भोक पाडून मासे धरायला नेतो. म्हणजे ऐकायचा प्रश्नच मिटला.

तुझी वहिनी म्हणते, वेळेवर जेवत जा. लोभ वाढव, काळजी घटव.

तुझा,
हॅल्वर


मिलवॉकी
१३ फेब्रुवारी

ती. दादास, सा. न. वि. वि.

तुझं पत्र यायच्या आधीच मी कुलूप लावलं होतं, पण तेवढ्यावर भागलं नाही. कार्यक्रम संपल्यावर समितीतल्या म्हाताऱ्या बाईंनी मला गाठलं आणि विचारलं की हॉर्न इतके खाली न्यायचं सुचलं कसं. मी म्हणाले की महिनाभर त्या जागेशी झगडत होते. धडधडीत खोटं, रे! बाई खूश झाल्या आणि समितीसाठी मूळ प्रत मागितली. मग काय, खोडरबर घेऊन बसले आणि आठ पानांवरचे माझेच सूर खोडून बाबांचे लिहिले, आणि ती प्रत देऊन आले.

आज वर्गात एका मुलीला झापलं, कारण लिहिलेला सूर का लिहिला हे तिला सांगता येईना. बोलता बोलता मलाच माझी ती आठ पानं आठवली. समितीचा निकाल २६ तारखेला आहे. माझी रचना वाजते वर्षातून एकदा, पण ही पोरं रोज येतात. ती गेली तर मी करू काय दिवसभर?

तुला मासे भरपूर लागोत. अंधार पडेपर्यंत बाबांना घरी आणू नकोस.

लोभ असू दे, माझ्या खोटेपणासकट.

रग्ना


फर्गस फॉल्स
१९ फेब्रुवारी

चि. रग्ना हिस बाबांचे अ. उ. आ.

काल हॅल्वरने मला बळेच बर्फावर नेलं. मी काय दूधखुळा आहे? बॅटरीवरचा रेडिओ कोटात घालून नेला. शेवटच्या भागात हॉर्न बोलले आणि माझ्या हातातला गळ सुटला. घरी येऊन, तू उतरवायला पाठवलेली मूळ प्रतीची झेरॉक्स कपाटातून काढून पाहिली. तुझं सगळं बरोबर होतं, बाळ. चूक माझी. हल्ली असं होतं. मला कळतं, पण बोलायची लाज वाटते.

हॅल्वरला खोदून विचारलं, तर मान खाली घालून एवढंच म्हणाला की तुझी निवड समितीही कार्यक्रमाला होती आणि निकाल अजून व्हायचाय. म्हणजे माझ्या विसरण्यापायी त्या लोकांना वाटणार की माझ्या लेकीला हॉर्नसाठी लिहितासुद्धा येत नाही! मला बसवेना. आज सकाळी समितीला सविस्तर पत्र लिहिलं. रचनाकाराने बरोबर लिहिलं होतं, चूक कागद उतरवणाऱ्या म्हाताऱ्याची, असं स्वच्छ कळवलं आणि पुरावा म्हणून ती झेरॉक्स सोबत जोडली. रजिस्टर करून टाकलंय, परवा पोचेल म्हणाले.

हॅल्वरला हे आत्ताच सांगितलं, तर पोरगा पांढराफटक पडला. त्याला वाटतं, या वयात मला हा कमीपणा सोसणार नाही. सोसेल. कागद उतरवणं मात्र आता बंद.

माझा लोभ तुला मागावा लागत नाही, हे तू जाणतेसच. आता नोकरीची काळजी सोड आणि स्वस्थ झोप.

बाबा