चार सेंटिमीटर जास्त

३ मार्च
आलो बुवा एकदाचा! वरच्या मजल्यावरची खोली, दोन खिडक्या, भिंतीत एक बंद कपाट. रविवारी बायको आणि लेक येणार, तोवर घर लावायचं आणि माझा हौशी रेडिओही. गच्चीवर अँटेना लावू का, असं घरमालक काकांना विचारलं तर लगेच हो म्हणाले. इतक्या पटकन हो म्हणणारा घरमालक मी जन्मात पाहिला नाही. कपाटाची किल्ली मात्र हरवलीये म्हणे.

४ मार्च
गावातल्या गावात बोलायला फार खटाटोप नको. आडवी तार की उभी, यात दुपार घालवली आणि उभी ठरवली: एक तार वर, चार खाली तिरप्या, प्रत्येक अर्ध्या मीटरहून जरा कमी. चारही दिशांना सारखंच ऐकू जातं. गच्चीवर गेलो तर पाइप आधीच उभा, त्याला पाच भोकं, नेमकी मला हवी तिथे. आधीचा भाडेकरू त्यावर कपडे वाळत घालायचा, असं काका म्हणाले. मला काय दूधखुळा समजतात?

५ मार्च
तारा कापल्या. चढवण्याआधी सेट तपासायला अँटेनाच्या जागी डमी लोड जोडला. हा डबा सगळी शक्ती गिळतो, आवाज खोलीबाहेर जात नाही. सहज एक हाक मारली.
उत्तर आलं. "स्वच्छ येताय. पण तारा चार सेंटिमीटर लांब झाल्यात."
मोजल्या. चार सेंटिमीटर लांबच होत्या. म्हणजे बोलणारा याच घरात आहे आणि मला बघतोय. काकाच! म्हणे रेडिओतलं ओ की ठो कळत नाही.

६ मार्च
अँटेना चढवली. संध्याकाळी गावातली रेडिओमंडळी सेटवर भेटली, माणसं प्रेमळ. तो आवाज त्यांच्यातल्या कुणाचाच नाही. या घरातून पूर्वी एक जण बोलायचा, असं ते म्हणाले. त्याची बायकामुलं यायची होती त्याच दिवशी बंद झाला.

७ मार्च
जुन्या स्टीलच्या मोजपट्टीची पाती कापून दिशा शोधणारी अँटेना केली. काका समोर पेपर वाचत बसले होते, तरी आवाज चालूच. म्हणजे ते नव्हेत. खिडकीकडे रोखली, क्षीण. कपाटाकडे — सेटवरचा काटा टोकाला.
आवाज आता माझ्यासारखा येतोय. खोकतोही तसाच.

८ मार्च, सकाळ
बायकोला फोन केला, येऊ नका. ती हसली. म्हणाली, अहो, पहाटे तुम्हीच तर पहिल्या गाडीने या म्हणालात, आम्ही पोचलोच.
मी फोन केला नव्हता.
दार उघडत नाही. सेटवर रेडिओमंडळींना हाक मारली — कुणालाच ऐकू जात नाही. फक्त तो म्हणाला, स्वच्छ येताय.

कपाट उघडं. आत कुणी नाही — किल्ली आतल्या बाजूने —

जिन्यात लेकीच्या चपला वाजतायत. मी ओरडतोय. घसा फाटेस्तोवर. आवाज खोलीबाहेर जात नाही.
दारापलीकडे माझाच आवाज तिला म्हणतोय, ये बाळा, बाबा इथे —