आकडा उतरला म्हणून पेढे

प्रिय गंधाली,

वर्ष झालं, तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. फाडण्याआधी एवढं वाच: काल मुलुंडच्या हॉलमध्ये मी बॅडमिंटनचे तीन गेम पूर्ण खेळले. जोडीला माझी भाची अक्षता. आणि जिंकलो! शेवटचा पॉइंट तुझ्या त्या नेटजवळच्या फसव्या ड्रॉपवर काढला. पोरगी बघतच राहिली.

आता माझा शहाणपणा ऐक. अनयने, माझ्या लेकाने, मनगटावर बांधायचं ते घड्याळ दिलं होतं ना, त्यात हृदयाच्या ठोक्यांचा एक आकडा येतो. आपल्या घरांत साखर, बीपी, कोलेस्टेरॉल, काहीही उतरलं की आनंदच. हाही उतरत गेला तशी मी खूश. तळाला गेला त्या दिवशी अख्ख्या मजल्यावर पेढे वाटले, चार स्वतः खाल्ले. त्याच आठवड्यात कोर्टवर चक्कर येऊन पडले. तू समोरच होतीस.

दवाखान्यातही मी मिरवत होते, माझा ठोका कसा अगदी घड्याळासारखा पडतो म्हणून. डॉक्टर चैतन्यंनी कपाळावर हात मारला. म्हणाले, अहो, धडधाकट हृदय असं चालतच नाही. श्वास घेतला की ठोके जरा भरभर, सोडला की सावकाश, दोन ठोक्यांतलं अंतर सतत बदलायला हवं. त्या बदलाचाच हा आकडा, तो मोठा असलेला बरा. माझी साखर वर्षानुवर्षं कधी आभाळात, कधी पाताळात. त्यापायी हृदयाला सांभाळणाऱ्या नसा दमल्या होत्या. खेळणं बंद, असं त्यांनी बजावलं.

बंद म्हटल्यावर मी पेटलेच गं. गोळ्या वेळेवर, ताटात आधी भाजी, भात चमचाभर, जेवल्यावर गच्चीत फेऱ्या. साखर ताळ्यावर आली तसा आकडा हळूहळू चढू लागला. एका लग्नात श्रीखंडावर ताव मारला, तर सकाळी घड्याळाने चोरी पकडली, आकडा खाली! परवा डॉक्टरांनी झोपवून दीर्घ श्वास घ्यायला लावले. कागदावर ठोके श्वासाबरोबर जवळ येत होते, लांब जात होते. "खेळा बिनधास्त," ते म्हणाले, आणि मी तिथेच रडले. झकास रडले, यार.

त्या दिवशी मी दमलेय म्हटलं तेव्हा तू म्हणालीस, "एकच गेम अजून." मी पडले, आणि तू सगळं खापर स्वतःच्या डोक्यावर फोडून घेतलंस. रॅकेट माळ्यावर गेली. घाटकोपरहून मुलुंड तुला परदेश झालं. वेडाबाई, दुखणं आधीपासून माझ्या अंगात होतं. तुझ्या गेममुळे ते सापडलं, नाहीतर मी अजून पेढेच वाटत बसले असते. जानेवारीच्या स्पर्धेत दुहेरीला आपल्या दोघींची नावं दिलीत. अक्षताला सांगून टाकलंय, तुझी जागा तुझी आहे. रविवारी सकाळी येतेय, रॅकेट खाली काढून ठेव. एकच गेम अजून, गंधे.

कोर्टच्या डाव्या बाजूला तुझी वाट बघणारी,
तुझीच
मृणालिनी