इसरूच्या रक्ताचा पट्टा

नागपूर,
९ डिसेंबर १९८६

प्रिय खुशालभाऊ,
सप्रेम जयभीम. मी ठीक आहे. इथं थंडी पडली. मायचा गुडघा कसा आहे? धान घरी आलं असेल. तुझं पत्र नाही, म्हणून मीच लिहिते.

प्रयोगशाळेचं काम सुरू आहे. दसऱ्याला तुझं, वहिनीचं आणि लहानग्या इसरूचं रक्त घेतलं, तेव्हा तू विचारलं होतंस, "हे नेऊन तू करतं काय?" सांगायचं राहिलं.

काचेच्या उभ्या नळीत पांढरी भुकटी भिजवून भरतो. वरून रक्तातलं लाल प्रथिन सोडतो, मग क्षारांचं पाणी. उतरताना एक प्रथिन पुढे निघतं, दुसरं मागे राहतं. लाल पट्टे वेगळे दिसतात. सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा पट्टा आधी उतरतो, चांगला मागून. दोन्ही आले तर माणूस आजारी नसतो, पण लेकराला आजार देऊ शकतो.

इंदिरावहिनीचे दोन्ही पट्टे आले. तुझेही दोन्ही. मग मी माझं रक्त काढून पाहिलं. माझेही दोन्ही.

तिसरी शिशी बर्फात होती. इसरू गेल्याची तुझी तार आली, मी कुरखेड्याला येऊन परतले, त्यानंतर ती काढली. सर म्हणाले, "घरचं लेकरू आहे, दुसऱ्याला करू दे." मी म्हटलं, "मीच करते."

इसरूचा आधीचाच पट्टा आला, मोठा. चांगल्याची वाट पाहत बसले. तो आलाच नाही. नळी धुतली, मेसमध्ये जाऊन जेवले. भाजी कसली होती, आठवत नाही. रडू अजून आलेलं नाही.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी तू सगळ्यांसमोर वहिनीला म्हणालास, "तुह्या मायघरचं रक्तच सडकं. माह्या पोराले तूनं खाल्लं." घरातून काढलंस, ती भावासोबत माहेरी गोंडपिपरीला गेली.

भाऊ, इसरूला अर्धं तिच्याकडून गेलं, अर्धं तुझ्याकडून. आपल्या घरातही ते आधीपासून आहे. दोष तिचा नाही, तुझाही नाही. पुढचं लेकरू चांगलं होईल, कदाचित आजारीही. ते मी लपवत नाही.

रविवारी मी गोंडपिपरीला जाऊन आले. वहिनी तांदूळ निवडत होती. सगळं सांगितलं. तिनं विचारलं, "त्याईले बी हाये?"

मी हो म्हटलं.

तिनं सुपातला एक खडा काढून टाकला. मग म्हणाली, "मंग मले एकटीलेच काऊन काढलं?"

याचं उत्तर तू जाऊन दे. कुणाला पाठवू नको.

तुझी बहीण, आणि तिची नणंद,
गोकुळा